लांब पल्ल्याच्या गाड्यांतली पॅन्ट्री गेली, स्लीपरचे डबे घटले... रात्रभर जाणाऱ्या माणसानं खायचं काय आणि झोपायचं कुठं?

वैनगंगाकाठची
मागच्या आठवड्यात आईला घेऊन पुण्याहून गोंदियाला गेले. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एका गाडीची तक्रार करायला हा धागा काढलेला नाहीये. आई ७१ वर्षांची, डायबेटिस, जेवणाआधी इन्सुलिन. रात्रीचा डबा घरून नेला होता आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता-जेवण गाडीत घेऊ असं ठरलं होतं, कारण आम्ही लहानपणापासून याच गाडीनं जातोय आणि हिला पॅन्ट्री आहे हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की तपासावंसंही वाटलं नाही. सकाळी चहावाल्या मुलाला विचारलं नाश्ता कधी येणार, तो म्हणाला पंधरा मिनिटांत. आईनं इन्सुलिन घेतलं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी डबे ओलांडत पुढे गेले तर कळलं पॅन्ट्रीचा डबाच आता लागत नाही, त्याच्या जागी एसीचा डबा जोडतात, आणि खाणं पुढच्या कुठल्यातरी स्टेशनवर चढतं, ते स्टेशन अजून दीड तास लांब कारण गाडी लेट. परत येईपर्यंत आईला दरदरून घाम फुटलेला, हात थरथरत होते. समोरच्या बर्थवर अकोल्याच्या एक मावशी होत्या, त्यांनी पिशवीतून गुळाचा खडा काढून आईच्या तोंडात घातला आणि मग स्वतःच्या डब्यातली पोळी दिली. त्या नसत्या तर काय झालं असतं याचा विचार अजून रात्री येतो.

मला विचारायचंय ते हे की या गोष्टी कमी झाल्या कधी? कोणी सांगितलं आपल्याला? तिकिटावर लिहिलेलं नसतं की पॅन्ट्री नाही. स्लीपरच्या डब्यांचंही तेच. पूर्वी या गाडीला स्लीपरच्या डब्यांची रांग संपायची नाही, आता दोन-चार डबे ओलांडले की लगेच एसीचे डबे सुरू होतात. आईला एसीत सांधे आखडतात म्हणून आम्ही स्लीपरच काढतो, यावेळी बुकिंग उघडल्याच्या दिवशी काढलं तरी एकच लोअर मिळाला. तुमचे अनुभव लिहा प्लीज, आणि रेल्वेतलं कोणी असेल तर नीट समजावून सांगा.

रुळांचा सोबती
ताई, आईंची तब्येत आता कशी आहे ते आधी सांगा.

मी रेल्वेच्या कॅरेज ॲन्ड वॅगनमध्ये, म्हणजे डब्यांच्या देखभालीत, ३४ वर्षं काढली, आता रिटायर. यात एकच एक निर्णय नाहीये, चार-पाच वेगवेगळे निर्णय एकमेकांवर चढलेत, म्हणून तर कोणाला कळलं नाही. पहिली गोष्ट डबे बदलले. जुने निळे आयसीएफ डबे, त्यांचं उत्पादन २०१८ च्या सुरुवातीला बंद झालं आणि हळूहळू सगळीकडे एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन धाटणीचे डबे, येतायत. एलएचबी चांगलाच डबा आहे, अपघातात डबे एकमेकांवर चढत नाहीत, मी स्वतः घसरलेल्या गाडीच्या कामावर गेलेलो आहे त्यामुळे या डब्याला मी कधी नाव ठेवणार नाही. पण तो लांबीला दोन मीटरच्या आसपास जास्त आहे. जिथे २४ आयसीएफ डब्यांची रेक, म्हणजे अख्खी गाडी, उभी राहायची तिथे एलएचबीचे २२ च बसतात. म्हणजे दोन डबे तिथेच गेले. मग त्या २२ मध्ये कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं हा हिशोब सुरू होतो आणि त्यात पॅन्ट्री सगळ्यात आधी नजरेत येते, कारण त्या डब्यात एकही बर्थ विकता येत नाही. त्याच जागी थ्री-टायर एसीचा डबा लावला की ७२ बर्थ, आणि २०२१ पासून जी थ्री-टायर इकॉनॉमी आली तिच्यात तर ८० च्या वर.

स्लीपरचं गणित त्याहून सोपं आहे. एलएचबी स्लीपरमध्ये ८० बर्थ बसतात पण त्याच अंतराला थ्री एसीचं भाडं अडीच पटीहून जास्त. पूर्वी मेल-एक्सप्रेसला दहा-बारा स्लीपर ही नेहमीची गोष्ट होती, आता सहा-सात, आणि काही गाड्यांत तर दोन-तीनच दिसतात.

दुसरी गोष्ट जेवणाची. २०१७ च्या कॅटरिंग पॉलिसीत ठरलं की स्वयंपाक एकाचा आणि वाटप वेगळ्याचं. स्वयंपाक बेस किचनमध्ये, म्हणजे स्टेशनाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात, गाडीत फक्त गरम ठेवायचं आणि वाढायचं. गाडीत गॅसचे सिलिंडर नकोत हेही त्यामागं होतं, आणि ते बरोबरच आहे, धावत्या गाडीत आग लागली तर काय होतं ते आम्ही जाणतो. ज्या गाडीला पॅन्ट्री नाही तिथे साइड व्हेंडिंग, म्हणजे ठरलेल्या स्टेशनवर माल चढवायचा आणि पोरांनी हातात घेऊन डबे फिरायचे. गाडी वेळेवर असेल तर ते चालतं. गाडी तीन तास लेट झाली की नाश्ता दुपारी येतो आणि जेवण संध्याकाळी, तुमच्या बाबतीत हेच झालंय.

निशाचर_७७
ताईंबरोबर जे झालं ते वाईटच, पण मी वेगळं मत मांडतो. मी महिन्यातून दोनदा नागपूर-मुंबई करतो, गेली अकरा वर्षं. पॅन्ट्री गेल्याचं मला अजिबात दुःख नाही. २०१७ साली कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचा, अहवाल संसदेत आला होता, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की गाड्यांतलं आणि स्टेशनांवरचं अन्न माणसानं खाण्यालायक नव्हतं, नळाचं पाणी तसंच वापरत होते, कचऱ्याचे डबे उघडे, पॅन्ट्रीत उंदीर-झुरळं. आपण सगळे तेच खात होतो. त्यापेक्षा लोकांना बसायला, झोपायला जागा मिळाली तर काय वाईट? वेटिंग लिस्ट बघा दिवाळीत. ७०-८० माणसं जास्त जाऊ शकतात त्या एका डब्यात. आणि एसी हा आता चैनीचा विषय राहिलेला नाही, मे महिन्यात वर्धा-बडनेरा पट्ट्यात ४५ च्या वर पारा असताना स्लीपरच्या लोखंडी डब्यात झोपून बघा. लोकांनाच एसी हवाय, म्हणून डबे वाढतायत.

सातारी जवान
निशाचर साहेब, लोकांना एसी हवाय मान्य, पण कोणत्या लोकांना? मी सतरा वर्षं फौजेत होतो, सुट्टीला येताना-जाताना झेलम एक्सप्रेस. जम्मूतवीहून पुणं, दोन रात्री गाडीत. त्यावेळी गाडीत पॅन्ट्री होती आणि आम्हा पोरांना तिचा केवढा आधार. पहाटे चहा आला की कळायचं आपण जिवंत आहोत, थंडीत तर तो कागदी कप दोन्ही हातांत धरून बसायचो. जेवण फार भारी असायचं असं नाही, अंडा करी पातळ, भात कधी कच्चा, पण गरम आणि वेळेवर. दोन रात्रींच्या प्रवासात माणूस डबा किती नेणार, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आंबतो.

आणि रिझर्व्हेशन नसलं की आम्ही दाराजवळ ट्रंक टाकून त्यावर झोपायचो. आता माझा पुतण्या भरती झालाय, तो सांगतो काका स्लीपर कन्फर्म झालं तर लॉटरी लागल्यासारखं वाटतं. डबेच कमी केले तर कन्फर्म होणार कुठून.

शुश्रूषा
मी परळला राहते, आमच्या गटातल्या बायका टाटा हॉस्पिटलला बाहेरगावाहून येणाऱ्या पेशंटना मदत करतो, धर्मशाळा शोधून देणं, रिपोर्ट आणणं वगैरे. हा धागा वाचून राहवलं नाही.

कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत सवलत आहे, स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, बरोबरच्या माणसाला ७५ टक्के सूट. ही खूप मोठी गोष्ट आहे आणि ती चालू आहे याबद्दल मी रेल्वेची मनापासून ऋणी आहे. पण सवलतीचा कागद हातात असून बर्थ नसेल तर करायचं काय? बरोबरच्या माणसाचे २५ टक्के स्लीपरचे वेगळे आणि थ्री एसीचे वेगळे, महिन्यातून दोन फेऱ्या असतील तर घर चालवणाऱ्याला तो फरक कळतो. यवतमाळकडचे एक आजोबा येतात त्यांच्या बायकोला घेऊन, केमो झाल्यावर दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी, कारण मुंबईत राहायचा खर्च झेपत नाही. केमोनंतर वास सहन होत नाही, तोंड आलेलं असतं, तिखट चालत नाही. त्यांना गाडीत हवा असतो मऊ भात, दही, गरम पाणी. गरम पाणी ही सुद्धा आता मिळायला अवघड वस्तू झालीये, पॅन्ट्री होती तेव्हा निदान डबा घेऊन जाता यायचं आणि मागता यायचं. देणारेही देत असत, पेशंट म्हटल्यावर कोणी पैसे घेतलेले मला आठवत नाहीत.

शिवाय ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, बायकांना ५० टक्के आणि पुरुषांना ४० टक्के होती, ती तात्पुरती बंद आहे असंच आम्हाला वाटलं होतं.

निशाचर_७७
शुश्रूषाताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तब्येतीनं धडधाकट माणूस, स्टेशनवर उतरून वडापाव घेऊन चढतो. पेशंटना ते जमणार नाही हे खरं आहे.

जंक्शनवरची खानावळ
भुसावळहून लिहितेय. आमची स्टेशनजवळ छोटी खानावळ आहे आणि गेली काही वर्षं आम्ही ई-कॅटरिंगच्या ऑर्डरी घेतो, म्हणून दुसरी बाजू सांगते. पॅन्ट्रीला पर्याय म्हणून सगळे म्हणतात ॲपवरून मागवा. बरोबर आहे, मागवा, आमचं पोट त्यावर आहे. पण ते कसं चालतं ते बघा. प्रवाशानं पीएनआर टाकून ऑर्डर दिली की आम्हाला गाडीची वेळ, डबा, बर्थ दिसतो. आम्ही गाडी कुठवर आलीय ते बघत बसतो, कारण लवकर केलं तर पोळी वाळते आणि उशीर झाला तर गाडी निघून जाते. भुसावळ मोठं जंक्शन, गाडी पाच-दहा मिनिटं थांबते म्हणून आमचं जमतं. जिथे दोन मिनिटं थांबते तिथे कोण येणार? आमच्याकडे दोन मुलं आहेत, एकाच वेळी एस-२ ला एक थाळी आणि पार मागच्या टोकाला बी-५ ला दोन थाळ्या असल्या तर मुलगा २२ डब्यांच्या गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो, उन्हात, पिशव्या सांभाळत. कधी ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलतो आणि पूल चढून जावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात आमचा मुलगा चालत्या गाडीतून उतरताना पडला, गुडघा फुटला, त्या दिवसापासून मी सांगून ठेवलंय की गाडी हलली की थाळी गेली तरी चालेल, तू चढायचं नाहीस.

आणि ॲप म्हणजे स्मार्टफोन, नेट आणि साधारण दीडशे-दोनशे रुपये. पॅन्ट्रीचं साधं शाकाहारी जेवण ८० रुपयांना ठरवून दिलेलं. आमच्याकडे स्लीपरमधून ऑर्डर येते ती क्वचित, जनरलमधून मी आजवर एकही घेतलेली नाही, तिथल्या माणसाला बर्थ नंबरच नसतो तर आम्ही द्यायचं कोणाला?

रुळांचा सोबती
खानावळीच्या ताई, हे कोणीतरी लिहायला हवं होतं. जनरलच्या डब्यासमोर प्लॅटफॉर्मवर २० रुपयांत पुरी-भाजी आणि ५० रुपयांत भात वगैरे द्यायची योजना २०२३ पासून आहे, मी काही स्टेशनांवर तो टेबल पाहिलाय आणि लोक अक्षरशः तुटून पडतात. चांगली गोष्ट आहे, सगळीकडे दिवसभर मिळायला हवी.

थांबे कमी होण्याबद्दलही लिहितो. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा दौंड, मनमाड इथं इंजिन बदल, पाणी भरणं, असं करत गाडी वीस-वीस मिनिटं उभी राहायची आणि तेवढ्यात अख्खी गाडी जेवून घ्यायची. आता सगळीकडे विजेचं इंजिन, दौंडला कॉर्ड लाइन, म्हणजे गाडी स्टेशनात न शिरता बाहेरूनच वळते, मनमाडला दोन-तीन मिनिटं. वेग वाढला हे चांगलंच झालं, पण प्रवाशाचं जेवण त्या थांब्यावर अवलंबून होतं हे टाइमटेबल करणाऱ्याच्या कागदावर कुठं येतच नाही.

मिशिगनकाठ
शिकागोहून. इथेही हुबेहूब हेच घडलंय म्हणून लिहितो. आमच्याकडे लांबचा रेल्वेप्रवास म्हणजे ॲमट्रॅक ही सरकारी कंपनी, आणि तिच्या रात्रीच्या गाड्यांत डायनिंग कार असायची, पांढरं टेबलक्लॉथ, आचारी गाडीतच स्वयंपाक करायचा, अनोळखी माणसांबरोबर एका टेबलावर बसवायचे. २०१५ साली इथल्या संसदेनं कायदा केला की खाण्यापिण्यातला तोटा पाच वर्षांत शून्यावर आणा. मग २०१८ मध्ये आधी शिकागो-न्यूयॉर्क आणि शिकागो-वॉशिंग्टनच्या गाड्यांत, नंतर २०१९ च्या ऑक्टोबरपासून पूर्वेकडच्या आणखी काही रात्रीच्या गाड्यांत तयार, डबाबंद जेवण आलं. लोकांनी गप्प बसून घेतलं नाही. प्रवासी संघटनांनी पत्रं लिहिली, खासदारांना भेटले, आणि २०२१ च्या कायद्यात ती तोट्याची अट काढली गेली. त्याच वर्षी उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या लांबच्या गाड्यांत ताजा स्वयंपाक परत आला, दोन-दोन रात्रींच्या त्या गाड्या. माझ्या शिकागो-न्यूयॉर्क गाडीत मात्र तो तेव्हा आला नाही.

मला यातून एक गोष्ट कळली. डायनिंग कारचा हिशोब वेगळा काढला की ती तोट्यातच दिसणार. ती आहे म्हणून जो म्हातारा माणूस तिकीट काढतो त्याचे पैसे तिकिटाच्या खात्यात जमा होतात, जेवणाच्या खात्यात नाही. सोबतीकाका म्हणतात तसं पॅन्ट्रीत एकही बर्थ विकता येत नाही, पण बाकीच्या २१ डब्यांतले बर्थ ज्यांना विकायचे त्यांना जगवायचं काम ती करते ना.

वैनगंगाकाठची
सगळ्यांचे आभार. आई बरी आहे, डॉक्टरांनी सांगितलंय जेवण डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय इन्सुलिन टोचायचं नाही.

मिशिगनकाठ, तुमचं शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं.

निशाचरदादा, कॅगचा तो अहवाल मलाही आठवतोय, आणि एसी डबे काढा असं मी म्हणतच नाहीये. पण स्वयंपाकघर घाण आहे म्हणून आपण घरातलं स्वयंपाकघर पाडत नाही, घासून स्वच्छ करतो. कोविडमध्ये २०२० च्या मेमध्ये एसीतल्या चादरी-ब्लँकेटं काढली होती, ती मार्च २०२२ मध्ये परत द्यायचा आदेश निघाला. म्हणजे काढलेली गोष्ट परत येऊ शकते, लोकांनी ओरडा केला म्हणून. स्लीपरच्या प्रवाशाचा ओरडा ऐकू जात नाही एवढाच फरक आहे, त्याला चादर नव्हतीच कधी.

कुडाळचो
आमच्या कोकणात मांडवी एक्सप्रेसचं खाणं म्हणजे गाडीची ओळख. मुंबई-मडगाव दिवसाची गाडी, लोक खास खायला म्हणून हिचं तिकीट काढायचे हे मी स्वतः पाहिलंय. दर पंधरा मिनिटांनी काहीतरी नवं यायचं, कटलेट, सूप, गुलाबजाम, ऑम्लेट. माझी मुलं खिडकीपेक्षा पॅसेजकडे जास्त बघायची. एका गाडीत हे होऊ शकतं तर बाकीच्यांत का नाही?

पासवाला
डेक्कन क्वीनचं उदाहरण राहिलं. १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी, तिला डायनिंग कार. २०२२ च्या जूनमध्ये एलएचबी रेक आली तेव्हा आम्हा पासधारकांना धाकधूक होती की आता डायनिंग कार जाणार, पण रेल्वेनं नव्या धाटणीची डायनिंग कार मुद्दाम बनवून घेतली आणि पूर्वीच्या ३२ ऐवजी ४० माणसं बसतील अशी. पुणे-मुंबई सव्वातीन तासांचा प्रवास. मी रोज त्यात चीज टोस्ट खातो आणि मला ती गाडी जिवापाड प्यारी आहे, पण हा धागा वाचताना सारखं वाटत राहिलं की सव्वातीन तासांच्या गाडीत टेबल-खुर्ची आहे आणि वीस-वीस तासांच्या गाडीत गरम पाणी नाही. आमच्यासाठी झालं कारण आम्ही रोज भेटतो, संघटना आहे, निवेदनं देतो. वर्षातून दोनदा गावी जाणारा माणूस कोणाला भेटणार?

रुळांचा सोबती
पासवाला, अगदी हेच. म्हणून एक काम करू. तक्रार रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर किंवा रेलमदत ॲपवर करायची तर गाडीत असतानाच करा, पीएनआर टाकून, घरी आल्यावर केलेल्या तक्रारीला फार वजन राहत नाही. आणि मागणी नेमकी लिहा. "पॅन्ट्री परत द्या" एवढंच लिहिलं तर उत्तर येईल की व्यवहार्य नाही. तीन गोष्टी मागा: तिकिटावर आणि ॲपवर पॅन्ट्री आहे की नाही ते ठळक छापा, बारा तासांवरच्या प्रत्येक गाडीत गरम पाण्याची सोय ठेवा, आणि गाडी दोन तासांवर लेट असेल तर पुढच्या मोठ्या स्टेशनवर थांबा वाढवून जेवण चढवा. या तिन्ही गोष्टींना नवा डबा लागत नाही. मी मसुदा लिहून उद्या इथेच टाकतो, विभागीय सल्लागार समितीवर आपल्यापैकी कोणाच्या ओळखीचं कोणी असेल तर सांगा. २०२४ मध्ये दहा हजार नॉन-एसी डबे बांधणार असं जाहीर झालं होतं, ते डबे कोणत्या गाड्यांना लागले आणि विदर्भाच्या वाट्याला किती आले हेही विचारू.

निशाचर_७७
मसुद्यावर माझं नाव घाला. माझ्याकडे अकरा वर्षांची तिकिटं मेलमध्ये पडून आहेत, कोणत्या साली कोणत्या गाडीला कोणते डबे होते ते जमेल तेवढं काढून देतो.

शुश्रूषा
सोबतीकाका, गरम पाण्याच्या ओळीत "पेशंट आणि लहान बाळांसाठी मोफत" असं घालाल का? बाळाच्या दुधाच्या पावडरीलाही लागतं.

रुळांचा सोबती
घालतो.

जंक्शनवरची खानावळ
वैनगंगाताई, परतीचं तिकीट काढलंय का? आई पुण्याला येताना गाडी आमच्याकडे थांबते ना? डबा आणि बर्थ व्यनित (खासगी निरोपात) कळवा, ॲपवर ऑर्डर टाकू नका. ज्वारीची भाकरी, वरण आणि दुधी देईन, मीठ बेताचं, तिखट नाही. इन्सुलिन मात्र मुलगा खिडकीशी आल्यावरच घ्यायला सांगा.

वैनगंगाकाठची
ताई, व्यनि केलाय. एस-३, लोअर. आई विचारतेय भाकरी दोन सांगू का, अकोल्याच्या त्या मावशींचा फोन नंबर घेतला होता, त्याही त्याच गाडीनं येतायत.